लावते, पण बघत नाही

गुरुवारी आमच्या धंद्यात उपास कुणाचा नसतो, पण आकडा आल्याशिवाय घासही कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. सतरा वर्षं झाली. कुठल्या मालिकांचे ते इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि चालू मालिकेच्या करारात ब्लॉगबद्दल काय म्हटलंय ते मी अजून वाचलेलं नाही. शनिवार ते शुक्रवार असा आकड्यांचा, म्हणजे रेटिंगचा, टीआरपीचा, आठवडा, आणि त्याचा निकाल पुढच्या गुरुवारी. तोवर इकडे पुढचे भाग लिहून, शूट होऊन, काही तर दाखवूनही झालेले असतात. पहिल्या चाचणीचे मार्क कळेपर्यंत सहामाही देऊन झाली, असला प्रकार.

निकाल व्हॉट्सॲपवर येतो. इतक्या वर्षांच्या सवयीनं मला मेसेज उघडायच्या आधीच कळतं. चॅनलच्या क्रिएटिव्हकडून आधी ‘गुड मॉर्निंग ताई’ आलं, की समजायचं, पडलाय. आकडा चांगला असला की कुणी गुड मॉर्निंगमध्ये वेळ घालवत नाही.

दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी ‘गुड मॉर्निंग ताई’ आलं आणि पाठोपाठ हात जोडलेला इमोजी. तो इमोजी मी या संदर्भात पहिल्यांदाच बघत होते. त्या दिवशी काय झालं ते सांगते, पण त्याआधी आईचं एक वाक्य सांगायला हवं.

आई कराडला असते, एकटी. माझी मालिका लागते तेव्हा तिचा टीव्ही चालू असतो, हे मला शेजारच्या काकूंकडून कळतं, कारण आवाज त्यांच्या ओट्यापर्यंत जातो. मी एकदा विचारलं, “कशी वाटते गं?” तर म्हणाली, “लावते की रोज. बघत नाही.”

मी हसले आणि सोडून दिलं. पण नंतर हे वाक्य डोक्यातून जाईना. आपल्याकडे टीव्ही ‘लावतात’. जसा दिवा लावतात, कुकर लावतात, तसाच. लावला की तो घरात असतो. मग कुणी बघतं, कुणी ऐकतं, कुणी त्याच्यासमोर शेंगा सोलतं, कुणी नुसतं झोपतं. आमचं सगळं पोटपाणी ज्या आकड्यावर चालतं तो आकडा बघण्याचा आहे अशी आमची समजूत. तो खरं म्हणजे लावण्याचा आहे. फार तर ‘लावून समोर बसण्याचा’.

हे मला कळायला पाहिजे होतं, कारण या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला मी उभी राहून आलेली आहे.

१९९५-९६ची गोष्ट. मी पुण्यात कॉलेजला होते आणि वरखर्चासाठी एका सर्व्हे करणाऱ्या कंपनीचं काम करायचे. तेव्हा टीव्हीवर काय लागलंय ते आपोआप नोंदवणारं मीटर-बिटर काही नव्हतं. डायरी असायची. ठरलेल्या घरांत डायऱ्या वाटायच्या, आठवडाभरानं गोळा करायच्या. प्रत्येक पानावर एक दिवस, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, आडवे चॅनल आणि घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी खूण. जे बघाल तिथे बरोबरची खूण करा, एवढंच काम. पण रोज रात्री बसून इमानेइतबारे खुणा करणारं घर मला त्या सबंध वर्षात एकच भेटलं, आणि ते गृहस्थ बँकेत हेड कॅशियर होते.

बाकीचे सगळे मला दारात बघून डायरी शोधायला लागायचे. रविवारी सकाळी मी सदाशिव पेठेतल्या एका जिन्यात उभी, आतून फोडणीचा वास येतोय, आणि काका चष्मा लावून मागचे सात दिवस एका दमात भरतायत. “सोमवारी काय बघितलं गं आपण?” आतून काकू: “बातम्या लिहा.” “मंगळवारी?” “बातम्याच लिहा की.” आठवडाभर बातम्या. शनिवारी एक मराठी नाटक. हिंदी सिनेमाचं नाव नाही, गाण्यांचा कार्यक्रम नाही. आणि त्यांची सहावीतली मुलगी मागे उभी राहून मला एका हिंदी मालिकेचं शीर्षकगीत गुणगुणून दाखवतेय, रोज ऐकल्याशिवाय पाठ होणार नाही असं.

काका खोटं बोलत नव्हते, हे मला तेव्हाही वाटलं होतं. बाहेरची मुलगी दारात आली, तिच्यापुढे आपलं घर कसं दिसावं, ते लिहीत होते. डायरीत माणसं ‘बघितलेलं’ लिहायची. नुसतं ‘लावलेलं’ असेल ते लिहायला लाजायची. तरीही देशातल्या जाहिरातींचे पैसे त्या खुणा मोजूनच वाटले जात होते.

मीटर आला तो या लाजेवरचा उपाय म्हणून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे ‘पीपल मीटर’ बसायला लागले. आधी इनटॅम आणि टॅम अशा दोन यंत्रणा होत्या, मग टॅमच उरली. २००१ मध्ये मुंबईतल्या मीटर असलेल्या घरांची गुप्त यादीच फुटली, आणि तेव्हा पहिल्यांदा लोकांना कळलं की एवढ्या मोठ्या शहराची आवडनिवड काही मोजक्या दिवाणखान्यांवर टेकलेली आहे. टॅम गेली तोपर्यंत सबंध देशात तिचे मीटर दहा हजारांच्या आत होते, आणि तेही शहरांतच. खेडं त्यात जवळपास नव्हतंच.

आता जी यंत्रणा आहे ती बार्क. ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल. मालकी कुणाची, तर वाहिन्या साठ टक्के, जाहिरातदार वीस आणि जाहिरात एजन्सी वीस. म्हणजे ज्यांच्या परीक्षा त्यांचीच शाळा, पण फी भरणारे पालकही समितीवर, असं काहीसं. एप्रिल २०१५ पासून त्यांचे आकडे यायला लागले. मोजणीतल्या प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, आणि घरातला मीटर ती खूण ओळखून कुठली वाहिनी लागली आहे हे नोंदवतो. कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहायचं कारण नाही. आज अशी ५५ हजारांहून जास्त घरं आहेत. बार्कच्याच २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी. म्हणजे साधारण पावणेचार हजार घरांमागे एक घर.

ही घरं कुठली ते कुणाला सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. दरवर्षी त्यातली काही बदलतातही. घर निवडताना शहर-खेडं, माणसं किती, आणि घराची ‘पायरी’ बघतात. पायरी कशी ठरते ते मला फार आवडलं. घरातला मुख्य कमावता माणूस किती शिकलाय आणि ठरावीक अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत, एवढ्यावर. वीज, पंखा, गॅस, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, दुचाकी, चारचाकी, एसी, कॉम्प्युटर, आणि अकरावी वस्तू शेतजमीन! पंख्याच्या ओळीत शेत. माझ्या चुलत्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “पंख्याची सातबाऱ्यावर नोंद होत नाही म्हणून भांडणं नाहीत, एवढाच काय तो फरक.”

आता मीटरची खरी गोम. टीव्हीवर काय लागलंय हे मीटरला आपोआप कळतं. समोर कोण बसलंय हे कळत नाही. त्यासाठी एक वेगळा रिमोट असतो, त्यावर घरातल्या प्रत्येकाचं बटण. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की परत दाबायचं. दोन वर्षांच्या पुढचं प्रत्येक माणूस मोजणीत धरतात. पाहुण्यांनाही बटण असतं.

माझ्या नात्यातल्या एका वहिनींकडे असा मीटर होता. गाव सांगत नाही, नातंही नीट सांगत नाही. मीटर काढून नेल्यावर वर्षभरानं एका मुंजीत त्यांनी मला हे सांगितलं, तेही पंगत उठल्यावर, बाजूला घेऊन, अगदी दागिना मोडल्यासारखं. मी इतकी वर्षं देव बघायला निघालेली, आणि देव चुलतघरातच.

मी त्यांना तासभर पिडलं. बटणं कोण दाबायचं? तर सुरुवातीला सगळे आपापलं दाबायचे. महिन्याभरात ते काम साडेतीन वर्षांच्या नातवाकडे गेलं, कारण त्याला ते आवडायचं. तो सगळ्यांची बटणं दाबायचा. पणजीचं पहिलं. पणजी जेवून सोफ्यावर कलंडायच्या ते थेट साडेदहाला उठायच्या. म्हणजे दोन वर्षं, रोज रात्री, आठ ते साडेदहा, ब्याऐंशी वर्षांची एक बाई गाढ झोपेत मराठी मालिका बघत होती. त्यातल्या काही माझ्या होत्या.

“मग तुम्ही काय बघायचात?” मी वहिनींना विचारलं.

“मी कुठली बघते? मी त्या वेळी ओट्याशी. पण ऐकू यायचं ना सगळं. तुझ्या त्या नणंदेचं बोलणं मला पाठ होतं.”

त्यांचं बटण बंद असायचं. स्वयंपाकघरातून ऐकणं मोजत नाहीत.

दोष कुणाचा म्हणायचा? मीटर बसवणाऱ्याचा नाही, तो बिचारा समजावून गेला होता. माणसं अशीच राहतात. आणि असं पणजीमुळे जेवढं वाढतं तेवढं वहिनींमुळे कमी होत असेल, असा हिशेब करून आपण गप्प बसायचं.

रेटिंग म्हणजे नक्की काय, हे आमच्या धंद्यातल्या निम्म्या माणसांना सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते. दहा माणसांचा वाडा धरा. अर्ध्या तासाचा भाग. एकानं पूर्ण तीस मिनिटं बघितला, एकानं पंधरा मिनिटं, बाकीच्या आठांनी नाही. म्हणजे कुठल्याही एका मिनिटाला सरासरी दीड माणूस टीव्हीसमोर होता. दहातला दीड, म्हणजे रेटिंग पंधरा. भागाकारात खाली सगळा वाडा असतो, ज्यांनी टीव्ही लावलाच नाही तेही. म्हणून आमचं चार-पाचाचं रेटिंग ऐकून पाहुणेमंडळी “शंभरात चारच?” असं तोंड वेंगाडतात, तेव्हा त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, खाली अख्खा महाराष्ट्र आणि गोवा आहे.

हो, गोवाही. आमचा बाजार म्हणजे ‘महाराष्ट्र-गोवा’. त्यामुळे बेळगावच्या ज्या मावशी मला दर महिन्याला पानभर ईमेल लिहितात, कुठल्या पात्राची साडी कुठल्या समारंभाला शोभली नाही ते कळवतात, त्यांचा टीव्ही कर्नाटकाच्या खात्यात जमा. इंदूरचे मराठी मध्य प्रदेशाच्या. आणि टीव्हीवर लागायच्या आधीच मोबाइलवर भाग बघून मोकळे होणारे तर या हिशेबात नाहीतच. आमच्या मीटिंगमध्ये यांतल्या कुणाचाही विषय निघत नाही.

या रेटिंगवर जाहिरातीचा दर. आठवड्याभरातली सगळी रेटिंग मिळवली की वाहिनीचे जीआरपी. एका पॉइंटला किती पैसे, त्यावर घासाघीस. म्हणून मग युक्त्या. रविवारी एक तासाचा महाएपिसोड. दोन मालिकांची लग्नं एकाच मांडवात लावून महासंगम. सेट टॉप बॉक्स चालू केल्याबरोबर जी वाहिनी आपोआप दिसते ती जागाच पैसे देऊन घ्यायची. लोकांना रिमोट सापडेपर्यंत मिनिट जातं, आणि तेवढ्यानंही ‘पोच’ वाढते. याला लँडिंग पेज म्हणतात, आणि यावर ट्राय (म्हणजे टीव्ही-फोनवर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था) आणि वाहिन्यांचे वाद कोर्टापर्यंत गेलेले आहेत. मुख्यतः बातम्यांच्या वाहिन्यांचं हे प्रकरण. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप जाहीर केला, मीटरच्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितल्याचा. त्याच महिन्यात बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे बंद झाले ते मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले, तेही चार आठवड्यांची सरासरी काढून. त्या ऑक्टोबरात आईचा फोन आला होता. “तुझं नाव नाही ना गं त्यात?” मी म्हटलं, “आई, आम्हाला तर वेळेवर आमचेच पैसे मिळत नाहीत, दुसऱ्यांना कुठून देणार?”

सगळं वाईटच सांगतेय असं वाटेल, म्हणून हेही. ऑक्टोबर २०१५ पासून खेड्यांतले आकडे यायला लागले, आणि त्यानंतरच्या वर्षात आमच्या मीटिंगची भाषा बदलली. त्याआधी माझ्या हातातल्या प्रत्येक नायिकेचा फ्लॅट दादर ते पार्ले यांच्या मधे असायचा. खिडकीतून झाड दिसायचं, तेही एकच. मी कराडची. मला भाताची लावणी माहीत, ऊसतोडीची टोळी माहीत, यात्रेतल्या कुस्त्या माहीत, आणि मी लिहितेय काय, तर सोसायटीच्या पार्किंगवरून भांडण. मीटर गावात गेल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारलं, “ताई, तुमच्याकडे यात्रेला पाहुण्यांना काय करतात?” मी दोन पानं मटणावरच लिहिली होती. (त्यातलं सगळं कापलं गेलं. साडेआठला महाराष्ट्र जेवत असतो आणि गुरुवार-शनिवार अर्धा महाराष्ट्र शाकाहारी असतो, असं कारण मिळालं.) पुढे “हे नांदेडला कळेल का?” हा प्रश्न आला आणि तो आजतागायत आहे. नांदेडला काय कळत नाही, हे अंधेरीत बसून ठरवलं जातं, पण निदान नांदेड नावाचं गाव आहे हे तरी आता माहीत आहे.

तर, हात जोडलेला इमोजी.

तेव्हाच्या ट्रॅकमध्ये नायिकेचे वडील होते. अप्पा. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांची एक सवय मी लिहिली होती: रोज रात्री खिशातली चिल्लर काढून पलंगावर मांडायची, रुपये वेगळे, दोन वेगळे, पाच वेगळे, आणि हिशेब जुळला की झोपायचं. सबंध नोकरी डेपोत हिशेब देण्यात गेलेली, ती सवय सुटत नाही. त्या भागात मुलगी रागानं घर सोडून जाते आणि अप्पा पलंगावर चिल्लर मांडायला बसतात. मांडतात, मोडतात, परत मांडतात. सव्वा मिनिट. एक शब्द नाही. सतरा वर्षांत मी लिहिलेला हा बहुतेक सगळ्यात चांगला प्रसंग, आणि त्यात माझा एकही संवाद नव्हता. ज्यांनी तो केला ते नट रंगभूमीवरचे जुने, त्यांनी शेवटी एक रुपयाचं नाणं उचलून कानाजवळ नेलं. ते मी लिहिलेलं नव्हतं. सेटवर मॉनिटरजवळ उभी असलेली हेअरवाली मुलगी रडायला लागली.

आकडा आला. आठवड्याचा आकडा पाव पॉइंटानं पडलेला. दुपारी मीटिंग. चॅनलच्या रिसर्चमधल्या मुलीनं लॅपटॉप फिरवला. त्या भागाचा मिनिटामिनिटाचा आलेख. तो आलेख डोंगरासारखा असतो. चढतो, ब्रेकला दरी, परत चढतो. चौदाव्या मिनिटाला ब्रेक नव्हता आणि दरी होती.

“चौदाव्या मिनिटाला काय आहे?”

मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

“अप्पा,” दिग्दर्शक म्हणाला.

मी म्हटलं, समोरच्या वाहिनीचा आलेख दाखव. तिनं दाखवला. त्यांचा ब्रेक तेराव्या मिनिटाला संपत होता. लोक जाहिराती टाळायला आमच्याकडे आलेले, आपली मालिका परत सुरू झाल्यावर तिकडे गेलेले. चौदाव्या मिनिटाला अप्पांऐवजी भूकंप दाखवला असता तरी ती माणसं गेलीच असती. रिसर्चच्या मुलीनं मान डोलावली. तिला ते आधीच दिसलेलं असणार, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

“बरोबर आहे ताई,” क्रिएटिव्ह म्हणाला, “पण स्लो होतं ते.”

माझा भाचा पुण्यात संख्याशास्त्र शिकतो. त्या रात्री त्याला फोन करून मी विचारलं, चारचं रेटिंग पाव पॉइंटानं पडलं म्हणजे किती पडलं? त्यानं विचारलं, किती माणसांवर मोजलंय? आमच्या बाजारातला नेमका आकडा माझ्याजवळ नव्हता. “समजा दहा हजार,” तो म्हणाला आणि तोंडी गणित केलं. दहा हजार माणसं अगदी चिठ्ठ्या टाकून निवडली तरी चार म्हणजे साधारण तीन पूर्णांक सहा ते चार पूर्णांक चार यांच्या मधलं काहीतरी. शिवाय एका घरातली चौघं एकत्रच बघतात, म्हणजे ती चार वेगळी मतं नाहीत, त्यामुळे चूक याहून जास्तच धरायची. मी म्हटलं, म्हणजे पाव पॉइंट पडलाच नाही? तो जरा थांबला. “तसं नाही म्हणता येणार, मावशी. दर आठवड्याला बरीचशी तीच घरं असतात, त्यामुळे चढउतार जरा जास्त विश्वासाचा असतो. पडला असेलही. पण एवढ्यावरून मी माणूस मारला नसता.”

आम्ही मारला नाही. मारायचा तर खर्च असतो. तिरडी, माणसं, पावसाचा सीन, पंधरा दिवस पांढरे कपडे. अप्पांना गावाला पाठवलं. एका संवादात. नायिकेची आई फोनवर म्हणते, “अगं, हे गावाला गेलेत, चार दिवसांनी येतील.” हा संवाद मीच लिहिला, दुपारी साडेचारला, रिक्षात, मोबाइलवर, कारण सेट थांबला होता. नटांना प्रॉडक्शनमधून फोन गेला. त्यांनी मला फोन केला नाही. मीही केला नाही. करायला पाहिजे होता.

पुढच्या गुरुवारी आकडा परत वर आला. पाव पॉइंट. त्या आठवड्यात समोरच्या मालिकेत नायक बदलला होता, पण ‘अप्पा काढल्यावर आकडा आला’ हे आता कायमचं लिहिलं गेलं. पुढच्या मालिकेत मी कुणाला गप्प बसवलं, की मला अप्पांची आठवण करून दिली जाईल.

परवा आईचा फोन आला होता. गॅसचं, गुडघ्याचं, शेजारच्या काकूंच्या सुनेचं सगळं झालं. मग म्हणाली, “का गं, ते चिल्लर मोजणारे दिसत नाहीत हल्ली?”

“तू बघत नाहीस ना?”

“बघत नाहीच. पण नाण्यांचा आवाज यायचा रोज, भाकरी करताना. आता येत नाही.”

“गावाला गेलेत ते.”

“कुठल्या?”

कुठल्या गावाला, ते मी लिहिलंच नव्हतं.